चमक कशाची? थायोफ्लेविन-टी वापरून एबीटा-४२ चे तंतू मोजण्याची पद्धत

एबीटा-४२ हे अल्झायमरमधलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाची छोटी साखळी. त्याचे तंतू बनले की थायोफ्लेविन-टी हा रंग त्यांच्यावर बसून चमकतो. हळदीतलं कर्क्युमिन त्या द्रावणात टाकलं की ही चमक उतरते. तंतू बनणं थांबलं म्हणून उतरली असेल. कर्क्युमिनने स्वतःच प्रकाश पिऊन टाकला म्हणून असेल. किंवा तंतूवरच्या जागा कर्क्युमिनने अडवल्या आणि रंगाला बसायला जागाच उरली नाही, असंही असेल. प्लेट रीडरच्या, म्हणजे अनेक नमुन्यांची चमक एकदम मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर तिन्हींचा आलेख जवळपास सारखाच दिसतो. वनस्पतींच्या अर्कांची तपासणी आपल्याकडे बरीच चालते, त्यामुळे हा घोळही बराच होतो. तो टाळायचं काम शेवटी आलेख काढताना सुरू होत नाही, पेप्टाइडची कुपी उघडतानाच सुरू होतं.

खालची पद्धत एबीटा-४२ साठी आहे: ३७ अंश सेल्सियस, न हलवता, ९६-वेल प्लेटमध्ये. ४० अमिनो आम्लांचा एबीटा-४० हीच वाट धरतो, पण बराच सावकाश.

रंग उजळतो कसा

थायोफ्लेविन-टी, यापुढे टीएचटी, याच्या रेणूत एका बाजूला बेन्झोथायाझोल, दुसऱ्या बाजूला डायमिथिल-ॲनिलीन आणि मध्ये एक साधा बंध असतो. पाण्यात हे दोन भाग त्या बंधाभोवती मोकळे फिरतात. शोषलेली ऊर्जा त्या फिरण्यातच खर्ची पडते आणि उजेड जवळपास शून्य राहतो. एबीटासारख्या प्रथिनांच्या अशा तंतूंना अमायलॉइड म्हणतात. त्यांत बीटा-पट्ट्या, म्हणजे प्रथिन-साखळीचे ताणलेले भाग, सुमारे ४.७ अँगस्ट्रॉम अंतराने एकीवर एक रचलेल्या असतात. त्यांच्या बाजूच्या साखळ्यांच्या ओळींमध्ये तंतूच्या लांबीला समांतर खोबण्या तयार होतात. टीएचटी त्या खोबणीत अडकला की फिरणं बंद, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपास निळसर-हिरवी चमक.

ऊतींमधलं अमायलॉइड पाहायला हा रंग व्हॅसर आणि कलिंग यांनी १९५९ मध्ये वापरला. अल्झायमरच्या पेप्टाइडसाठी ४५० आणि ४८२ नॅनोमीटर हे आकडे रूढ झाले ते लेव्हाइन यांच्या १९९३ च्या कामानंतर.

या यंत्रणेतून एक गोष्ट आपोआप निघते आणि ती नेमकी विसरली जाते. रंग खोबणी मोजतो, वजन नाही. तंतूचा घाट बदलला की तेवढ्याच प्रथिनाची चमक दुप्पट किंवा निम्मी होऊ शकते. म्हणून दोन वेगळ्या पेप्टाइडांच्या, किंवा दोन वेगळ्या बफरमधल्या, अंतिम उंचीची तुलना करू नका. वेळेची तुलना करा.

बफर आणि रंगाचा साठा

बफर: २० मिलीमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ८.०, ०.२ मिलीमोलर ईडीटीए, ०.०२ टक्के सोडियम अझाइड. पाण्यातून आणि काचेवरून येणारे तांबं-जस्ताचे अंश ईडीटीए धरून ठेवतो, ते मोकळे राहिले तर तंतूंचा वेग बदलतो. पीएच ७.४ हवा असेल तर चालेल, पण क्रिया जलद होईल. मीठ घातलं तरी तेच. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि निर्वात करून विरघळलेली हवा काढा. हवा राहिली तर ३७ अंशांवर वेलच्या तळाशी बुडबुडे धरतात. अझाइड विषारी आहे. ते आम्लात मिसळू नका आणि धातूच्या नळाच्या मोरीत ओतू नका.

टीएचटी क्लोराइडचं रेणुभार ३१८.९. १० मिलीलीटर बफरमध्ये ३.२ मिलीग्रॅम म्हणजे साधारण १ मिलीमोलर. ०.२ मायक्रॉनमधून गाळा, पहिला एक मिलीलीटर फेकून द्या, कारण फिल्टरचा पडदा थोडा रंग धरून ठेवतो. मग वजनावर विसंबू नका. पावडर ओल धरते, शुद्धताही बाटलीगणिक बदलते. साठा पाण्यात ५० पट पातळ करून ४१२ नॅनोमीटरला शोषण घ्या. शोषणाचा गुणांक ३६,००० धरला तर १ मिलीमोलर साठ्याचं उत्तर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.७२ यायला हवं. बाटलीला फॉइल गुंडाळून ४ अंशांवर ठेवा, आठवड्याला नवा साठा करा. अल्कधर्मी द्रावणात टीएचटी हळूहळू बिघडतो आणि चमक गमावतो, म्हणून साठा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये कधीच करू नये.

पेप्टाइड: निम्मी मेहनत इथेच

एबीटा-४२ चा रेणुभार ४५१४. १ मिलीग्रॅम म्हणजे २२१ नॅनोमोल, पण कुपीवरच्या वजनात ट्रायफ्लुओरोॲसिटेट आणि पाणीही धरलेलं असतं. निव्वळ पेप्टाइडचा टक्का विश्लेषण-पत्रकावर वेगळा दिलेला असतो, तो वापरा. फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला यायला अर्धा तास द्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात थंड कुपी उघडली की पावडर डोळ्यांदेखत चिकट होते.

ही पावडर नुसत्या बफरमध्ये टाकून ढवळणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट. सुकवलेल्या पेप्टाइडमध्ये आधीच गुठळ्या असतात, आणि त्यातली प्रत्येक गुठळी बीज म्हणून काम करते, म्हणजे तिच्यावरून तंतू लगेच वाढू लागतात. शिवाय एबीटाचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला रेणूवरचा एकूण प्रभार शून्य होतो तो, ५.३ च्या आसपास आहे. पाण्यात विरघळवलं की ट्रायफ्लुओरोॲसिटेटमुळे द्रावण आम्लधर्मी होतं, मग पीएच ७ कडे नेताना ते बरोबर ५.३ मधून जातं, आणि त्या क्षणी गुठळ्या होतात.

क्रोमॅटोग्राफीची सोय असेल तर दुसरा विचार करू नका. १ मिलीग्रॅम पेप्टाइड ६ मोलर गुआनिडीन हायड्रोक्लोराइडच्या १ मिलीलीटरमध्ये, पीएच ८.५, अर्धा तास विरघळू द्या. १५,००० जी वर १० मिनिटं फिरवा. वरचं द्रावण वरच्याच बफरमध्ये धुऊन ठेवलेल्या, सुमारे २४ मिलीलीटरच्या सुपरडेक्स-७५ स्तंभावर (तो रेणू आकारानुसार वेगळे करतो) चढवा, वेग मिनिटाला ०.५ मिलीलीटर. मोठ्या गुठळ्या ८ मिलीलीटरच्या आसपास निघतात. सुटा रेणू १३ ते १५ मिलीलीटरच्या दरम्यान, आणि गुआनिडीन त्याच्या बऱ्याच नंतर. शिखराचा फक्त मधला भाग घ्या. कडेचा घेण्याचा मोह आवरा. प्रथिनं कमी चिकटणाऱ्या नळीत, बर्फावर, आणि त्याच दिवशी वापर. गोठवून उद्या वापरायचं म्हटलं तर उद्या पुन्हा स्तंभ चालवावा लागेल.

इथे मापनाची एक अडचण आहे. एबीटात एकच टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन शून्य, म्हणून २८० नॅनोमीटरचा गुणांक जेमतेम १४९०. २० मायक्रोमोलर द्रावणाचं शोषण ०.०३ येतं. साध्या स्पेक्ट्रोमीटरवर हे आकडे क्युव्हेट पुसण्यानेही हलतात. त्यापेक्षा क्रोमॅटोग्रामवर, शिखराच्या अलीकडची-पलीकडची सपाट रेषा वजा करून, गोळा केलेल्या भागाचं क्षेत्रफळ मोजा. साधारण ५० ते ८० मायक्रोमोलर मिळायला हरकत नाही.

स्तंभ नसेल तर हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपेनॉलची पद्धत. हे द्रव अत्यंत उडून जाणारं आणि दाहक आहे, काम फक्त फ्यूम हूडमध्ये, जाड हातमोजे आणि चष्मा घालून. १ मिलीग्रॅम पेप्टाइडला २२१ मायक्रोलीटर, खोलीच्या तापमानाला एक तास. १० मायक्रोलीटरचे वाटे करा, प्रत्येकात १० नॅनोमोल. हूडमध्ये रात्रभर उघडे ठेवा, मग तासभर व्हॅक्यूम. नळीच्या तळाशी पारदर्शक पापुद्रा राहतो. पांढरट किंवा भुकटीसारखा दिसला तर तो वाटा टाकून द्या. सिलिका जेलसह उणे २० वर ठेवा. वापरताना पापुद्र्यावर १०० मायक्रोलीटर थंड १० मिलीमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, सोनिकेटरच्या थंड पाण्यात पाच मिनिटं, मग ४ अंशांवर १६,००० जी ला २० मिनिटं. वरचे ८० मायक्रोलीटर घ्या, तळ सोडा. हा १०० मायक्रोमोलरच्या आसपासचा साठा, बफरमध्ये पातळ करेपर्यंत बर्फावर. अल्कमुळे पीएच ५.३ ची वाट टळते. पण खरं सांगायचं तर या साठ्यातून लॅग टाइम, म्हणजे चमक चढू लागण्याआधीचा वेळ, दिवसागणिक बदलतो. अटकाव करणाऱ्या संयुगाबद्दल काही ठाम लिहायचं असेल तर स्तंभच हवा.

रूम टेम्परेचर हा शब्द जपून वाचा. पद्धतींमध्ये तो २० ते २५ अंश धरलेला असतो. विदर्भातल्या मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत टेबलावर पाच मिनिटं ठेवलेली नळी ४० अंशांवर असते, आणि तंतूंची सुरुवात तिथेच होते.

प्लेट भरणं

काळी, पारदर्शक तळाची, अर्ध्या क्षेत्रफळाची, प्रथिन न चिकटणारा लेप असलेली प्लेट घ्या. साध्या पॉलिस्टायरीनवर एबीटा चिकटतो, कमी संहतीला तर निम्मा-अर्धा भिंतीवरच जातो. प्रत्येक वेलमध्ये एकूण १०० मायक्रोलीटर: पेप्टाइड ३ मायक्रोमोलर, टीएचटी १० मायक्रोमोलर.

हे दोन अर्ध्यांत करा. पहिला अर्धा दुप्पट ताकदीच्या पेप्टाइडचा. ६० मायक्रोमोलर साठ्याचे १२० मायक्रोलीटर, १ मिलीमोलर टीएचटीचे १२, बफरचे १०६८. एकूण १२०० मायक्रोलीटर, वीस वेलना पुरून थोडं उरतं. दुसरा अर्धा बफर, १० मायक्रोमोलर टीएचटी आणि तपासायचं संयुग दुप्पट ताकदीत. टीएचटी दोन्हींत सारखाच असल्याने कसंही मिसळलं तरी त्याची संहती हलत नाही. आधी संयुगाचे ५० मायक्रोलीटर सगळ्या वेलमध्ये, मग बर्फावर ठेवलेल्या प्लेटमध्ये पेप्टाइडचे ५०, मल्टीचॅनल पिपेटने, एका दमात. पिपेटचा दुसरा थांबा दाबू नका, बुडबुडा त्यानेच होतो. हवा आणि पाणी भेटतात त्या पृष्ठभागावर एबीटाची केंद्रकं, म्हणजे तंतू जिथून सुरू होतो ते रेणूंचे पहिले पुंजके, लवकर तयार होतात, त्यामुळे एका बुडबुड्याने त्या वेलचा लॅग टाइम निकामी होतो.

कडेच्या वेलमध्ये पाणी भरा, नमुने आत ठेवा. वरून पारदर्शक फिल्म घट्ट चिकटवा. प्लेट बर्फावरून उचलली की तळाला दव धरतं. कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कागदाने पुसा, मगच आधीच ३७ अंशांवर तापवलेल्या रीडरमध्ये सरकवा.

रीडरमध्ये उत्तेजन ४४०, उत्सर्जन ४८०, वाचन तळातून, दर २-३ मिनिटांनी. हलवण्याचा पर्याय बंद आहे याची खात्री करा. बऱ्याच यंत्रांत वाचनापूर्वी हलवणं आपोआप चालू असतं, आणि हललेल्या प्लेटमध्ये तंतू तुटून वेगळीच गतिकी दिसते. गेन, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, ठरवायला आदल्या दिवशीचे पूर्ण झालेले तंतू एका वेलमध्ये ठेवा आणि यंत्राच्या कमाल मर्यादेच्या साधारण सत्तर टक्क्यांवर बसवा. नाहीतर सहा तासांनी सगळे आलेख वरच्या छताला टेकलेले सापडतात. आणि रीडर यूपीएसवर ठेवा. मध्येच वीज गेली तर प्लेट थंड होते, तो प्रयोग पुढे जोडता येत नाही.

टीएचटीची संहती एकदा स्वतः तपासून घ्या. तयार तंतू ३ मायक्रोमोलर ठेवून रंग २, ५, १०, २०, ४० मायक्रोमोलर. चमक आधी वाढते, मग वरच्या टोकाला रंगच रंगाचा प्रकाश शोषू लागतो. पेप्टाइड वाढवल्यावर अंतिम उंची सरळ रेषेत वाढायला हवी. वरच्या संहतीला रेषा वाकली तर रंग कमी पडतोय.

आलेख वाचणं

सपाट सुरुवात, मग चढ, मग पठार. सपाट भागात काही घडत नाही असं समजू नका. केंद्रकं तेव्हाच बनत असतात, फक्त चमक यंत्राच्या मर्यादेखाली असते. लॅग टाइमपेक्षा निम्म्या उंचीची वेळ घ्या, ती कमी डळमळते. स्तंभातून काढलेल्या शुद्ध पेप्टाइडला वरच्या परिस्थितीत एक-दोन तास लागतात. संश्लेषित पेप्टाइडमध्ये थोड्याशा अशुद्ध साखळ्या असल्या तरी हाच काळ लांबतो.

१.५ पासून ६ मायक्रोमोलरपर्यंत संहतींची मालिका लावा, निम्म्या उंचीची वेळ आणि संहती दोन्ही लॉग अक्षांवर मांडा. पीएच ८ ला एबीटा-४२ चा उतार उणे १.३ च्या जवळ येतो. कारण नव्या केंद्रकांचा मोठा वाटा तयार तंतूंच्या पृष्ठभागावर बनतो. या दुय्यम केंद्रकनाचा पुरावा २०१३ मध्ये पुढे आला. तुमचा उतार फारच सपाट असेल तर संहती किंवा शुद्धता चुकली आहे असं आधी धरा, नवा शोध लागला असं नंतर.

लॅगच नाही, चढ पहिल्या मिनिटापासून: बीजं आधीच होती, पेप्टाइड पुन्हा स्वच्छ करा. तीन सारख्या वेलमध्ये निम्म्या उंचीची वेळ वीस मिनिटांनी वेगळी: धूळ, बुडबुडे किंवा पिपेट. आलेखात अचानक उंच सुळका आणि पुन्हा खाली: तंतूंचा गुंता प्रकाशाच्या वाटेत तरंगून गेला. पठार हळूहळू उतरतंय: तंतू एकमेकांना चिकटून जाड जुड्या होताहेत किंवा रंग उजेडाने विटतोय, वाचनांमधलं अंतर वाढवून पाहा. काहीच चढत नाही: ३५ व्या जागचं मेथिओनिन ऑक्सिडाइज झालंय का ते मास स्पेक्ट्रोमीटरवर बघा, तसं झालेलं पेप्टाइड बरंच सुस्त असतं.

संयुग अडवतंय की नुसता उजेड खातंय

कर्क्युमिनचं शोषण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास शिखर गाठतं, म्हणजे टीएचटीच्या उत्तेजनाच्या अगदी शेजारी. स्वतःची चमक ५०० च्या पुढे असते आणि तिची शेपटी ४८० मध्ये शिरते. शिवाय ३७ अंशांवर पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये अर्ध्या तासात त्याचा बहुतेक भाग विघटित होतो, आणि पीएच ८ ला त्याहून टिकत नाही. म्हणजे दोन तासांनी तुम्ही नक्की काय तपासताय हेही सांगता येत नाही. क्वेर्सेटिन आणि इतर पॉलिफेनॉल बफरमध्ये ऑक्सिडाइज होऊन तपकिरी होतात. पानांच्या कच्च्या अर्कातलं क्लोरोफिल तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. काँगो रेड ४९० च्या आसपास शोषतो, म्हणजे टीएचटीचा उजेड बाहेर पडतानाच गिळतो.

म्हणून प्रत्येक संयुगासाठी हे वेल लावाच. टीएचटी आणि संयुग, पेप्टाइडशिवाय. पेप्टाइड आणि संयुग, टीएचटीशिवाय. नुसतं डायमिथिल सल्फॉक्साइड, जेवढं संयुगाबरोबर जातं तेवढंच, १ टक्क्याच्या आत. आणि सगळ्यात महत्त्वाचा: पठारावर पोचलेले तंतू अधिक टीएचटी, त्यात संयुग आत्ता टाकायचं. या शेवटच्या वेलमध्ये चमक एका मिनिटात पडली तर तंतू विरघळले असं लिहू नका. एवढ्या वेळात तंतू विरघळत नाहीत. उजेड शोषला गेला किंवा टीएचटी हुसकावला गेला. दोन्हींतला फरक हवा असेल तर ४४० आणि ४८० ला संयुगाचं शोषण मोजा, दोहोंच्या बेरजेच्या निम्म्याला दहाचा घातांक करा आणि चमकेला त्याने गुणा. प्लेटमध्ये ही दुरुस्ती ढोबळच असते, शोषण ०.३ च्या वर गेलं तर तिच्यावर विसंबू नये. दुरुस्तीनंतरही चमक कमीच राहिली तर जागेसाठी झटापट आहे.

टीएचटी प्रयोगाच्या शेवटी घालून ही अडचण सुटते असं सर्रास मानलं जातं. सुटत नाही. संयुग तेव्हाही तिथेच असतं.

खरी साक्ष रंगाशिवाय घ्यायची. टीएचटी नसलेले वेल पठाराच्या वेळी काढा, १,००,००० जी वर तासभर फिरवा, वरच्या द्रावणात किती सुटं पेप्टाइड उरलं ते जेलवर किंवा एचपीएलसीवर मोजा. अडथळा खरा असेल तर वर पेप्टाइड उरलेलं दिसेल. थोडं न फिरवलेलं द्रावण कार्बनच्या ग्रिडवर ५ मायक्रोलीटर, दोन मिनिटं, मग २ टक्के युरेनिल ॲसिटेट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात साधारण १० नॅनोमीटर रुंद, न फांदलेले लांब धागे दिसले तर तंतू बनलेच आहेत, आलेख काहीही म्हणो.

अडथळा खरा ठरला तर कुठल्या पायरीला, हे बीजांनी कळतं. सोनिकेट केलेले तयार तंतू ५ टक्के, म्हणजे ०.१५ मायक्रोमोलर, सुरुवातीलाच घाला. लॅग जवळजवळ नाहीसा होतो. संयुग बीज नसताना उशीर करतं पण बीज असताना काहीच करत नसेल, तर ते पहिल्या केंद्रकनाला अडवतंय, तंतूंच्या लांबी वाढण्याला नव्हे.

टीएचटी कुठे चालत नाही

डीएनएच्या चौपदरी घड्यांना, अल्ब्युमिनला आणि ॲसिटिलकोलिनएस्टरेजला टीएचटी चिकटतो आणि उजळतो. त्यामुळे पेशींच्या लायसेटमध्ये किंवा रक्तद्रवात नुसत्या चमकेला अर्थ नाही. टाऊ या अल्झायमरमधल्या दुसऱ्या प्रथिनाचे तंतू हेपारिनने घडवताना हेपारिन अधिक रंग असा वेगळा वेल लावा. आणि हेही धरून चाला की हेपारिनने घडलेल्या टाऊ तंतूंची घडी अल्झायमरच्या मेंदूतल्या तंतूंसारखी नसते.

तंतूंआधीचे छोटे गट पाहायचे तर एएनएस हा दुसरा चमकणारा रंग त्यांच्यावरच्या पाणी टाळणाऱ्या जागांना चिकटतो, पण तो अर्धवट उलगडलेल्या कुठल्याही प्रथिनालाही चिकटतो. जिवंत उंदराच्या मेंदूत टीएचटी चालत नाही, त्याच्यावरचा धन प्रभार त्याला रक्त-मेंदू अडथळ्यापाशीच अडवतो. तिथे मेथॉक्सी-एक्स-०४ हा रंग वापरतात. माणसांच्या पीईटी स्कॅनसाठीचं पिट्सबर्ग संयुग टीएचटीच्याच सांगाड्यातून हा प्रभार काढून घडवलं गेलं, आणि त्याची रुग्णांमधली पहिली चित्रं २००४ मध्ये छापली गेली.

मेंदूच्या कापांसाठी थायोफ्लेविन-एस घ्या: १ टक्का पाण्यात, गाळून, आठ मिनिटं, मग ८० टक्के इथेनॉलचे तीन-तीन मिनिटांचे दोन धुवे. वयस्क मेंदूत लायपोफ्युसिन हे पेशींत साचणारं रंगद्रव्य स्वतःच चमकतं. तोच ठिपका लाल फिल्टरमध्येही तेवढाच तेजस्वी दिसला तर तो प्लाक, म्हणजे अमायलॉइडचा साठा, नाही.